बंदीतला मासा

रिसॉर्ट, ११ मे १९९७

प्रिय तितिलिया,

मामांना माती दिल्यावर चौथ्या रात्रीनंतर मी परत होडीत बसले, तेव्हापासून तुला लिहायचं घोळतं आहे. मामींना नीट भेटून निघाले नाही, ते मनातून जात नाही. सगळ्या बायका चटया गुंडाळत होत्या आणि किनाऱ्यावर रिसॉर्टच्या होडीवाल्या वाइसाकेनं इंजिन चालू केलं होतं, हे खरं. पण मला त्याच्याकडे पाच मिनिटं मागता आली असती. मी मागितली नाहीत.

इथं सगळं पूर्वीसारखं. सकाळी नऊला शंखातल्या खेकड्यांची शर्यत, दहाला झावळ्यांच्या टोप्या, अकराला नारळ सोलणं. साडेबाराला मुलांचं जेवण, साडेपाचला पुन्हा मुलांचं जेवण. म्हणजे साडेसातला त्यांच्या आईवडिलांना मेणबत्त्या लावून निवांत जेवता येतं. आज एक मुलगा जेवेना, कारण त्याच्या ताटात भात आणि वाटाणे एकमेकांना लागले होते. मी बसून एकेक वाटाणा वेगळा केला. चव्वेचाळीस वर्षांची, सुवाच्या विद्यापीठात इतिहास शिकलेली बाई. तक्रार करत नाही. थकले आहे, एवढंच.

आता कामाचं. ग्रेग म्हणून नवा मॅनेजर आला आहे. त्याला दर बुधवारी एक नवा कार्यक्रम हवा आहे, 'पकडा आणि खा'. पाहुण्यांनी मुलाबाळांसह होडीतून मासे धरायचे, संध्याकाळी तेच शिजवून त्यांना वाढायचे. जागा म्हणून त्यानं बोट ठेवलं ते आपल्या खडपावर, गावासमोरच्या त्या उथळ खडकाळ पट्ट्यावर. मी सांगितलं, माझे मामा, गावचे प्रमुख, गेले आहेत, म्हणून शंभर रात्री त्या खडपावरून कुणी शिंपलासुद्धा उचलणार नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगळंच बंद आहे की थोडं?"

धाकट्या सैरुसीमामांनी बंदीच्या हद्दीचे खुंट ठोकायच्या आधीच मी निघाले होते. हद्द कुठून कुठे आहे ते कळव. शंका असेल तिथं मी जाणार नाही, पण शंका कुठून सुरू होते ते तरी कळू दे.

तुझी,
उनाइसी


नाकोरोबुली, १९ मे

वाटाणेवाल्या बाईसाहेब,

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. चष्म्याशिवाय वाचणारी घरात मी एकटीच उरले आहे, त्यामुळे माझा भाव फार वाढलाय. आई म्हणते, "ती निघाली तेव्हा मी घोरत होते, तिला सांग उगाच जीव जाळू नकोस." वाटाण्यांवर सगळे पोट धरून हसले. माझा नवरा जोनेतानी विचारतो, इतिहासात वाटाण्यांचं प्रकरण होतं का गं?

हद्द अशी. काळ्या खडकापासून तुमच्या बेटाच्या वाळूच्या टोकापर्यंत सैरुसीकाकांनी अकरा खुंट ठोकलेत, प्रत्येकाला पाला बांधलाय. खुंटांच्या आतलं सगळं बंद, बाहेरचं मोकळं. बाहेर काय आहे म्हणा, नुसती वाळू. आम्ही दोन आठवडे डब्यातला मासा खातोय. जोनेतानी म्हणतो, आता मला टोमॅटोच्या रसात पोहता येईल.

शंभरावी रात्र नऊ ऑगस्टला येते. सुट्टीचं आत्ताच बोलून ठेव. नाहीतर तेव्हा म्हणशील, एका पोराचा खेकडा हरवलाय.

तितिलिया


रिसॉर्ट, १५ जून

प्रिय तितिलिया,

तुझं पत्र ग्रेगला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, खुंटांच्या बाहेर." त्याचा तो प्रामाणिकपणा आहे. मी त्याला वाईट म्हणणार नाही.

पहिल्या बुधवारी पाच कुटुंबं घेऊन बाहेरच्या बाजूला गेलो. तीन तासांत एकही मासा गळाला लागला नाही. मुलं उन्हानं लाल झाली, एक ओकलं. संध्याकाळी त्यांना तळलेली कोंबडी वाढली, तेव्हा एका बापानं विचारलं, "ही पण तुम्हीच पकडलीत का?"

दुसऱ्या बुधवारी वाइसाकेनं डोकं चालवलं. त्यानं लौटोकाच्या बाजारातून पंधरा मासे बर्फात आणून ठेवले. मुलं होडीच्या एका बाजूला गळ टाकून बसली की हा दुसऱ्या बाजूनं हळूच पाण्यात उतरतो, बुडी मारतो, खालून एकेका गळाला एकेक मासा अडकवतो आणि दोरीला झटका देतो. वर आरडाओरडा. मी टाळ्या वाजवते. संध्याकाळी तेच मासे केळीच्या पानात नारळाच्या दुधासोबत शिजतात आणि प्रत्येक मूल आपला मासा ओळखतं. सगळ्यांना आपला मासा सगळ्यात मोठा वाटतो.

तीन बुधवार असे झाले. खडपाला हात लागला नाही, याचं मला समाधान आहे. पण ते मी या मुलांशी खोटं बोलून मिळवलं आहे. ती घरी जाऊन वर्गात सांगणार की मी मासा धरला. मी नऊ वर्षं शिक्षिका होते. तेव्हा असल्या गोष्टीसाठी मी पोरांना उभं केलं असतं. आता रात्री वहीच्या पानावर हे लिहिताना वाटतं, कोणाला उभं करू?

उनाइसी


नाकोरोबुली, २४ जून

मेलेले मासे धरणाऱ्या कोळिणीस,

काल हे वाचताना मला चार वेळा थांबावं लागलं. सैरुसीकाका इतके हसले की यंगोनाच्या मुळांच्या पेयाचं पातेलं कलंडलं. जोनेतानीनं निरोप दिलाय, पुढच्या वेळी डबेच अडकवा, उघडायचा त्रास नको. आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "लेकरांना खोटं सांगू नये. पण भावाच्या नावाचं खडप राखलंय, तेवढं तिला सांग." भाऊ कोणाचा म्हणून मी विचारलं, तर म्हणते, "तिच्या आईचा. आणखी कोणाचा?"

आता मोठी बातमी. परवा बैठक झाली. नऊ ऑगस्टला बंदी उठवताना पहिला खुंट कोण काढणार यावर दोघंतिघं बोलले, आणि काका म्हणाले, थोरल्या भाचीचा मान आहे, उनाइसी काढेल. कुणी हूं की चूं केलं नाही. तू खुंट उपटायचा, मग पहिलं जाळं पडायचं, मग सगळं गाव पाण्यात. बायकांनी आत्तापासून चटया विणायला घेतल्यात.

तेव्हा हातांना जरा तेल लाव. वाटाणे उचलून उचलून ताकद गेली असेल.

तितिलिया


रिसॉर्ट, १३ जुलै

प्रिय तितिलिया,

पत्राला उशीर झाला. ऑस्ट्रेलियातल्या शाळांना सुट्टी आहे, बेट भरलेलं आहे. एकतीस मुलं. या आठवड्यात शंखांच्या माळा केल्या, पावसामुळे नारळ सोलायचं जेवणघरात केलं, शुक्रवारी जमिनीतली भट्टी लावून डुक्कर आणि कंदमुळं शिजवली. मुलांना भट्टी उघडताना बघायला फार आवडतं. वाफ वर येते तेव्हा सगळी एकदम गप्प होतात.

नऊ ऑगस्टचं पक्कं सांगता येत नाही. गर्दी आहे. मला वाटतं, खुंट लाइसानीनं काढावा. धाकटी असली तरी तीही भाचीच आहे, सुवाहून यायला तिला सोपं पडेल, आणि तिनं मामांची शेवटी सेवा केली. मी नीट विचार करून सांगते आहे.

मामींना नमस्कार.

उनाइसी


नाकोरोबुली, २० जुलै

उनाइसी,

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं नाही. डोळे दुखतात म्हणून सांगितलं.

डुक्कर शिजलं, माळा झाल्या, वाफ वर आली, आणि बाबांच्या खुंटाला वेळ नाही. इतकंच होय गं? तुला आठवतं का, तुझ्या फीसाठी बाबांनी होडीचं इंजिन विकलं आणि दोन वर्षं वल्ही मारली? तोंडानं कधी बोलले नाहीत. मी बोलते. आते-मामेबहिणींनी एकमेकींना टोचायचंच असतं, पण हे मी टोचत नाही, विचारते आहे.

तिकडची पोरं चार दिवसांनी विमानात बसली की तुझं नावसुद्धा विसरतील. इथं आई रोज विचारते, पत्र आलं का. काय सांगू?

बैठकीत मी काहीच बोलले नाही. सगळे तुलाच धरून चाललेत. यायचं नसेल तर तसं स्वच्छ लिही, गर्दीच्या मागे लपू नकोस.

तितिलिया


रिसॉर्ट, २६ जुलै

प्रिय तितिलिया,

मामी, सैरुसीमामा आणि घरातल्या सगळ्यांना नमस्कार. पाऊस थांबला आहे. मी बरी आहे.

आता पुढचं फक्त तुझ्यासाठी.

इंजिनाचं मी विसरले नाही. म्हणूनच मागचं पत्र तसं लिहिलं. ते चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं होतं, आणि त्यात गर्दीबद्दल होतं ते सगळं खरं होतं. तेवढंच खरं होतं.

दोन जुलैच्या बुधवारी मेलबर्नच्या एका मुलीनं, असेल नऊ वर्षांची, तिचा मासा हातात धरून उलटा केला आणि म्हणाली, "याच्या पोटात काही नाही. कुणीतरी आधीच साफ केलाय." वाइसाके बाजारातून अख्खे मासे मागायला विसरला होता. तिच्या बापानं हसत हसत ग्रेगला सांगितलं. ग्रेग हसला नाही. म्हणाला, "पुढच्या बुधवारी खरा मासा हवा. कसा ते तुम्ही बघा." खुंटांच्या आत जा असं तो म्हणाला नाही. हे तुला नीट सांगायला हवं. कुणीही म्हणालं नाही.

नऊ तारखेला आम्ही बाहेर थांबलो होतो. सात मुलं. गळाला काही लागेना. मी पहाटे पाचपासून उभी होते, टोपीखाली डोकं ठणकत होतं. वाइसाकेनं इंजिन बंद केलेलं होतं आणि होडी हळूहळू आत सरकत होती. तो म्हणाला, "ताई, आपण वाहतोय." मी ऐकलं. पाला बांधलेला खुंट माझ्या उजव्या हाताला आला आणि मागे गेला. मी काही बोलले नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही. तो पलीकडच्या बेटाचा माणूस, आमच्या खडपापाशी थांब, असं मीच त्याला सांगायला हवं होतं.

दहा मिनिटांत सहा वर्षांच्या एका पोराला मासा लागला. मोठा, चांदीसारखा, माझ्या हाताएवढा लांब. दोघांनी ओढला तेव्हा वर आला. जिवंत होता, तोंड उघडत होता. तेव्हाही सोडता आला असता. ते पोरगं माझ्याकडे बघत होतं आणि मी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी तो शिजला. पाहुण्यांना डोकं नको असतं, म्हणून आचाऱ्यानं ते मानानं माझ्यासमोर ठेवलं. मामांच्या ताटात जायचं तेच. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी ते खाल्लं, सगळं, आणि मला चांगलं लागलं. हेच मला कुणाला तरी सांगायचं होतं. चांगलं लागलं नसतं तर कदाचित मी लिहिलंही नसतं.

या हातांनी मी खुंट काढणार नाही. लाइसानीला बोलवा. लोकांना काय सांगायचं ते तू ठरव. मला ठरवता येत नाही.

उनाइसी


नाकोरोबुली, ३ ऑगस्ट

उनाइसी,

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हा आई म्हणाली, आज तुझे डोळे दुखत नसतील. सगळे बसलेले होते. नमस्कार, पाऊस, बरी आहे, एवढं मी मोठ्यानं वाचलं. पुढची ओळसुद्धा मोठ्यानं वाचली, फक्त तुझ्यासाठी म्हणून, आणि मग थांबले. थांबले तिथंच घोटाळा झाला. आई म्हणाली, "वाच." मी म्हणाले, "बायकांचं काहीतरी आहे." आई म्हणाली, "मी बाईच आहे. वाच."

मी वाचलं. शेवटपर्यंत. मला दुसरं काही सुचलं नाही. मला क्षमा कर किंवा करू नकोस.

सैरुसीकाकांनी विचारलं, "कोणत्या खुंटाजवळ?" मी म्हणाले, लिहिलेलं नाही, पण त्यांच्या बाजूचा, म्हणजे अकरावा असणार. मग ते म्हणाले, "गावानं आपल्या रात्री पाळल्यात, त्या मोडत नाहीत. नऊ ऑगस्टला दहा खुंट निघतील, लाइसानी पहिला काढेल. अकरावा राहील. उनाइसीच्या शंभर रात्री त्या माशाच्या दिवसापासून मोजायच्या. सतरा ऑक्टोबरला तो तिनं येऊन काढायचा. तोवर त्याच्याजवळ कुणी जाळं टाकायचं नाही, आणि तिच्याशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही."

जोनेतानीनं विचारलं, "आणि ती आलीच नाही तर?"

काका म्हणाले, "तर राहील उभा."

नऊ तारखेला ये. माफीसाठी यंगोनाची मुळं घेऊन ये आणि दाराशी बस. तुझ्या वतीनं जोनेतानी बोलेल, तो आत्तापासून घसा साफ करतोय. मागच्या पत्रात मी इंजिनाचं काढलं ते काढायला नको होतं. पण आता काढलं आहे.

आई नंतर मला एवढंच म्हणाली, "पाचपासून उभी होती म्हणते. जेवायला कोण देतं तिला?"

तितिलिया


रिसॉर्ट, ५ ऑक्टोबर

प्रिय तितिलिया,

नऊ ऑगस्टनंतर तुला लिहिलं नाही, कारण तिथं बोलायचं ते सगळं दाराशी बसून झालं होतं. म्हणजे मी काही बोललेच नाही, जोनेतानी बोलला. तो इतका चांगला बोलला की मला वाटलं, ज्या बाईबद्दल हा बोलतोय ती माझ्यापेक्षा बरी आहे. सैरुसीमामांनी तीन टाळ्या वाजवून मुळं स्वीकारली तेव्हा मला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. लाइसानीनं खुंट काढला, सगळं गाव पाण्यात शिरलं. मी कपडे धरून काठावर उभी राहिले. मीच सुचवलं होतं की तिनं काढावा. तरी ती वाकली तेव्हा मला तिचा राग आला. हेही तुला सांगून ठेवते.

तू म्हणालीस की माझं पत्र मोठ्यानं वाचलंस म्हणून क्षमा कर. मी यावर बराच विचार केला. आपल्या घरात आलेलं पत्र सगळ्यांसमोर वाचतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. मग 'फक्त तुझ्यासाठी' ही ओळ मी वेगळ्या कागदावर का लिहिली नाही? त्याच पानावर, नमस्काराच्या खालीच का लिहिली? कदाचित मला ते वाचलं जायला हवं होतं आणि तोंड मात्र तुझं वापरायचं होतं. तसं असेल तर क्षमा मीच मागायला हवी.

अकरावा खुंट मुलांच्या जेवणघरातून समोर दिसतो. दोन्ही जेवणांना. आता खडप मोकळं आहे, सैरुसीमामांना विचारून ग्रेग बुधवारी होड्या तिकडेच नेतो, मासे भरपूर लागतात. गावातली पोरं होडीतून जाताना ओरडतात, "उनाइसीच्या खुंटाला वळसा घाला रे." परवा एका मुलानं विचारलं, "त्या काठीजवळ का नाही जायचं?" मी म्हणाले, "तिथं मासे धरायचे नाहीत." "का?" "एका बाईनं धरला होता." तो म्हणाला, "मग तिला तुरुंगात टाकलं का?" मी म्हणाले, नाही, तिला मुलांना जेवायला वाढायचं काम दिलं. त्याला ते पटलं.

सतरा तारखेला शुक्रवार आहे. भट्टीचा दिवस, पुन्हा सुट्ट्या, बत्तीस मुलं. दिवसभर मला हलता येणार नाही. पण साडेपाचचं जेवण आटोपलं की मी मोकळी. साडेसहाला वाइसाकेला घेऊन होडीनं खुंटापाशी येते. सैरुसीमामांना चालेल का विचार. तू येशील का?

उनाइसी


नाकोरोबुली, ११ ऑक्टोबर

उनाइसी,

यावेळी सगळ्यांनी मिळून उत्तर लिहायचं ठरवलं होतं, पण कुणाला हसू आवरेना म्हणून मी एकटीच लिहिते.

सतराला साडेसहा वाजता? सोळाची पौर्णिमा आहे बाई. साडेसहाला पूर्ण भरती. तुझ्या डोक्यावरून पाणी जाईल आणि वर होडीत बसून वाइसाके तुझी टोपी सांभाळेल. त्या दिवशी ओहोटी साडेबाराची आहे. समुद्रानं तुझ्या पोरांच्या जेवणाचं वेळापत्रक वाचलेलं दिसत नाही.

लहान असताना आम्हाला ओहोटी कधी आहे ते तू सांगायचीस. झोपेतून उठवलं तरी सांगायचीस. आईनं पत्र ऐकलं आणि ती हसलीच नाही. म्हणाली, "तिला तिकडे पाणी दिसत नाही का?" मग माझंही हसू गेलं.

साडेबाराला खडप उघडं पडेल. आम्ही गावाकडून चालत येतो, तू बेटाकडून चालत ये. काका म्हणतात, वेळ समुद्राची, आमची नाही. उशीर झाला तर पुढची मोठी ओहोटी पंधरा दिवसांनी, आणि तोवर पोरांची वळशाची गाणी तयार होतील.

तुला जमेल का ते कळव. नाही जमलं तर नाही जमलं असं कळव. एवढंच.

तितिलिया


रिसॉर्ट, १४ ऑक्टोबर

प्रिय तितिलिया,

साडेबाराला येते.

ग्रेगला सांगितलं. आधी विचारायला म्हणून गेले होते, पण तोंडातून निघालं ते सांगणंच होतं. तो म्हणाला, "बत्तीस मुलांना कोण वाढणार?" मी म्हणाले, त्यांचे आईवडील त्याच बेटावर आहेत. काम राहील की जाईल ते मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर आज ते विचारायचीही ताकद नाही.

काल सकाळी मुलांना टोप्या विणायला बसवून ओहोटीला खुंटापर्यंत चालत गेले. हात लावला नाही. पाला कधीच वाहून गेलाय. बुडाशी शेवाळ धरलंय, खालून शिंपल्यांनी घट्ट आवळून ठेवलाय. एका झटक्यात निघायचा नाही. मला वेळ लागेल आणि सगळ्यांसमोर लागेल.

तू हात लावायचा नाहीस, हे मला ठाऊक आहे. नुसती जवळ उभी राहा. आणि चिडवू नकोस. निदान तो निघेपर्यंत.

उनाइसी